आजींचा दंड मोडला... ऑपरेशन करायचं की हात झोळीत ठेवायचा?

पहाटे साडेपाचची वेळ. आजी नेहमीप्रमाणे उठतात. दिवा लावला तर नातवाची झोपमोड होईल, म्हणून अंधारातच बाथरूमकडे निघतात. दाराशी फरशी ओली आहे हे दिसत नाही. पाय सरकतो आणि अंग डाव्या कुशीवर आदळतं. उठून बसायला जावं तर डावा हात उचलतच नाही. दंडात अशी कळ येते की, डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

हे घर दादरचं असेल, इंदूरचं असेल, बडोद्याचं किंवा बेळगावचंही असेल. पुढचा प्रसंग सगळीकडे जवळपास सारखाच घडतो. शेजारच्या काकू आंबेहळद उगाळून आणतात. कुणी तरी गावाकडच्या हाडवैद्याचं नाव काढतं. मुलगा मात्र आईला सरळ हॉस्पिटलात नेतो. एक्स-रे निघतो. डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून सांगतात, ‘‘आजी, खांद्याच्या जरा खाली दंडाचं हाड मोडलंय. तीन तुकडे दिसतात. उद्या सकाळी ऑपरेशन करून प्लेट बसवू या.’’

संध्याकाळपर्यंत तीच फिल्म ओळखीच्या दुसऱ्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे जाते. ते म्हणतात, ‘‘हात झोळीत ठेवा. आठवड्यानं पुन्हा फोटो काढू. मला तरी ऑपरेशनची गरज वाटत नाही.’’

झालं! घरात दोन तट पडतात. सुनेला वाटतं, पहिला डॉक्टर पैसे काढतोय. मुलाला वाटतं, आईचं वय बघून दुसरा डॉक्टर हात झटकतोय. आजींना काय वाटतं, ते विचारायचं मात्र राहूनच जातं.

गंमत अशी की, दोन्ही डॉक्टर प्रामाणिक असू शकतात. म्हाताऱ्या माणसाच्या दंडाचं हे फ्रॅक्चर म्हणजे जगभरच्या अस्थिशल्यविशारदांचं जुनं भांडण आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्या भांडणाचा बराचसा निकाल लागलाय आणि तो अनेकांना अनपेक्षित वाटेल असा आहे.

हाड मोडतं ते नेमकं कुठं?

खांद्याचा सांधा उखळीचा. पण या उखळीची गंमत म्हणजे ती फार उथळ आहे. खुब्याचा गोळा वाटीत खोलवर बसलेला असतो. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा. म्हणूनच हात वर, खाली, मागे, पुढे कसाही फिरतो. पाठीमागे हात नेऊन ब्लाऊजचं बटण लावता येतं आणि डोक्यावरून वेणीही घालता येते. हा गोळा जागेवर राहतो तो भोवतालच्या चार लहान स्नायूंच्या जोरावर. त्यांचे कंडरे गोळ्याच्या बाजूच्या दोन उंचवट्यांना चिकटलेले असतात. एक उंचवटा मोठा, एक लहान.

पडल्यावर हाड मोडतं ते बहुधा गोळ्याच्या खाली, जिथं हाड निमुळतं होत जातं तिथं. कधी त्याच्याबरोबर एखादा उंचवटाही सुटतो, कधी दोन्ही. बोस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात हे हाड ठरावीक चार भागांत फुटतं, असं दाखवून दिलं. त्याच धाग्यानं पुढं जाऊन न्यूयॉर्कचे डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये वर्गवारी केली. गोळा, मोठा उंचवटा, लहान उंचवटा आणि खालचा दांडा असे हे चार भाग. यातला एखादा भाग एक सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा पंचेचाळीस अंशांहून जास्त कलला, तरच तो ‘सुटा तुकडा’ मोजायचा. म्हणजे एक्स-रेमध्ये चार भेगा असल्या तरी सगळं जागच्या जागी असेल, तर ते नीर यांच्या हिशेबात ‘एक भागी’ फ्रॅक्चर. त्याला ऑपरेशन लागत नाही याबद्दल कुणाचंच दुमत नाही, आणि अशा पेशंटची संख्या बरीच मोठी असते.

भांडण आहे ते सरकलेल्या तुकड्यांचं. त्यातही मौज बघा. एकच फिल्म दोन अनुभवी सर्जनना दाखवली तर एक म्हणतो दोन तुकडे, दुसरा म्हणतो तीन! हे कुणाचं अज्ञान नव्हे. १९९३ मध्येच अशा चाचण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा तज्ज्ञांचं एकमेकांशी पटत नाही हे उघड झालं होतं. इतकंच काय, तीच फिल्म काही महिन्यांनी पुन्हा समोर आली, तर त्यांचं स्वतःच्या आधीच्या मताशीही दर वेळी पटत नव्हतं. तेव्हा आजींच्या घरात पडलेले दोन तट पाहून फार दचकायचं कारण नाही.

वय झालेल्यांमध्ये खुब्याजवळचं आणि मनगटाचं हाड यांच्या खालोखाल मोडतं ते हेच. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त. पाळी थांबल्यावर हाडातला कस झपाट्यानं कमी होत जातो. बाहेरचं कवच पातळ होतं, आतली जाळी विरळ होते. साध्या उभ्या उंचीवरून पडलं, तरी मग तेवढं पुरतं.

प्लेट, गोळा आणि उलटा सांधा

मोडलेलं हाड बांधून जोडायची कला आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितलेत आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायला सांगितल्यात. पण कातडी उघडून धातूनं हाड जोडणं ही अलीकडची गोष्ट.

दंडाच्या गोळ्याचे बारीक तुकडे झाले, तर ते जोडत बसण्यापेक्षा गोळाच बदलावा, हा विचार डॉ. नीर यांचाच. धातूचा गोळा आणि त्याला दांडा असा हा अर्धा कृत्रिम सांधा. त्यावरचा त्यांचा लेख १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदना कमी करायला हा उपाय चांगला; पण हात वर जाण्याची शाश्वती नाही. कारण उंचवटे धातूच्या गोळ्याभोवती पुन्हा बांधावे लागतात आणि ठिसूळ हाडात ते नीट सांधतीलच असं नाही. ते सुटले की स्नायूंचा लगाम सुटला. हात छातीच्या वर जाईना, अशी तक्रार घेऊन पेशंट परत येत.

मग २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘लॉकिंग प्लेट’ आली आणि सर्जन मंडळी हरखून गेली. साध्या प्लेटमध्ये स्क्रू हाडाला आवळला की पकड मिळते; हाडच भुसभुशीत असेल तर स्क्रू सैल होतो, सुतारानं वाळवी लागलेल्या लाकडात मारावा तसा. लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्याला आटे असतात आणि ते प्लेटच्याच भोकात घट्ट बसतात. प्लेट आणि स्क्रू मिळून एकच सांगाडा होतो. म्हाताऱ्या हाडांसाठी हाच रामबाण, असं वाटायला लागलं. गावोगावच्या ऑपरेशन थिएटरांत प्लेटा बसू लागल्या.

पण काही वर्षांतच दुसरी बाजू दिसू लागली. प्लेट हलत नाही हे खरं, पण तिच्याभोवतीचं हाड खचतं. मग कडक स्क्रूंची टोकं गोळ्यातून बाहेर येऊन सांध्यात घुसतात आणि खालची बशी खरवडतात. शिवाय गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या फ्रॅक्चरमध्ये तुटलेल्या असल्या, तर गोळा आतून मरतो आणि महिन्यांनी, वर्षांनी ढासळतो. जंतुसंसर्गाची भीती आहेच. यातलं काही झालं की दुसरं ऑपरेशन. पंच्याहत्तरीच्या बाईसाठी ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा मार्ग काढला तो फ्रान्समधल्या दिजाँ शहरातल्या डॉ. पॉल ग्रामों यांनी, १९८५ च्या सुमाराला. त्यांनी निसर्गाची रचनाच उलटी केली. बशीच्या जागी गोळा बसवला आणि दंडाच्या हाडावर वाटी! वरवर पाहता हा विक्षिप्तपणा वाटेल. पण त्यामुळं सांध्याचा फिरण्याचा मध्य आत आणि खाली सरकतो आणि खांद्यावरचा जाड डेल्टॉइड स्नायू, जो इंजेक्शन टोचतात तो, एकटाच हात वर उचलू शकतो. लहान स्नायू कामातून गेले असले, उंचवटे नीट सांधले नाहीत, तरी बिघडत नाही. हा ‘रिव्हर्स’ सांधा सुरुवातीला झिजलेल्या खांद्यांसाठी होता. नंतर तो म्हाताऱ्यांच्या फ्रॅक्चरसाठीही वापरला जाऊ लागला. आज भारतातल्या मोठ्या शहरांमधून तो बसवला जातो. किंमत मात्र प्लेटच्या कितीतरी पट.

अडीचशे खांद्यांची परीक्षा

एवढं सगळं होत असताना एक साधा प्रश्न बराच काळ नीट विचारला गेला नव्हता. काहीच केलं नाही तर काय होतं?

‘काहीच नाही’ म्हणजे दुर्लक्ष नव्हे. हात झोळीत ठेवायचा, दुखणं कमी करणारी औषधं द्यायची आणि वेळेवर व्यायाम सुरू करायचा. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉ. अमर रंगन यांच्या पुढाकारानं हा प्रश्न तपासायचं ठरलं. ‘प्रॉफर’ या नावानं ती चाचणी ओळखली जाते. बत्तीस हॉस्पिटलांतले २५० पेशंट निवडले. सगळ्यांच्या दंडाचं हाड मोडून सरकलेलं होतं. सरासरी वय ६६, चारांपैकी तीन बायका. कुणाचं ऑपरेशन करायचं आणि कुणाचं नाही, हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, पेशंटनंही नाही. जणू चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचं ऑपरेशन झालं. त्यातल्या बहुतेकांना लॉकिंग प्लेट बसली, थोड्यांना धातूचा गोळा. उरलेल्यांचा हात झोळीत.

मग दोन वर्षं त्यांची विचारपूस चालली. अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का, रात्री खांदा ठणकतो का, अशा बारा प्रश्नांना गुण. जास्तीत जास्त ४८. निकाल २०१५ मध्ये लागला. ऑपरेशनवाल्यांना सरासरी ३९.०७ गुण, झोळीवाल्यांना ३८.३२. पाऊण गुणाचा फरक, म्हणजे व्यवहारात काहीच नाही. पुढं २०१७ मध्ये पाच वर्षांचा आढावा आला, तरी चित्र बदललं नाही.

या निकालानं खळबळ उडाली, हे सांगायला नको. अनेक सर्जननी आक्षेप घेतले आणि त्यातला एक आक्षेप वाचकांनीही लक्षात ठेवावा असा आहे. ज्यांना ऑपरेशन अगदी गरजेचंच आहे असं सर्जनला वाटलं, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. गोळा सांध्यातून निखळलेले पेशंटही वगळले होते. तेव्हा ‘विलायतेत सिद्ध झालंय, ऑपरेशन कधीच नको’, असा अर्थ कुणी काढला तर ते चूक. शिवाय २५० पैकी २४९ पेशंट गोरे होते. आपल्या आजी जमिनीवर बसतात, हाताचा रेटा देऊन उठतात, भारतीय पद्धतीच्या संडासात भिंतीला हात टेकतात. तिथल्या प्रश्नपत्रिकेत हे प्रश्न नव्हते.

तरीही त्यानंतर आलेले निकाल त्याच दिशेचे आहेत. फिनलंड आणि शेजारच्या देशांमधल्या डॉक्टरांनी साठीपुढच्या ८८ पेशंटवर, फक्त दोन तुकडे झालेल्या फ्रॅक्चरमध्ये, प्लेट आणि झोळी यांची तुलना केली. २०१९ मध्ये उत्तर आलं, दोन वर्षांनी फरक नाही. २०२२ मध्ये कोक्रेन संस्थेनं जगभरच्या अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, आणि सरकलेल्या बहुतेक फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशनमुळं वर्षा-दोन वर्षांनंतरची स्थिती अधिक चांगली होत नाही, असाच निष्कर्ष काढला.

रिव्हर्स सांध्याचं काय? इथं मात्र गोष्ट थोडी वेगळी आहे. नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ६५ ते ८५ वर्षांच्या १२४ पेशंटची चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध केली. हाड बऱ्यापैकी विस्कटलेले असे हे पेशंट. निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना रिव्हर्स. दोन वर्षांनी शंभरपैकी रिव्हर्सवाल्यांना सरासरी ६८ गुण, प्लेटवाल्यांना ५४.६. हा फरक पेशंटला जाणवण्याइतका मोठा आहे. म्हणजे वयस्क माणसाचं हाड खूपच विस्कटलंय आणि ऑपरेशन करायचंच ठरलंय, तर प्लेटपेक्षा रिव्हर्स बरा, असं म्हणायला आधार मिळाला. पण रिव्हर्स विरुद्ध झोळी? स्पेनमध्ये ऐंशीच्या पुढच्या पेशंटवर तशी तुलना झाली. वर्षानंतर दुखणं रिव्हर्समध्ये थोडं कमी होतं, बाकी फरक नगण्य.

ऑपरेशनला पर्याय नाही तेव्हा

काही प्रसंगी मात्र चर्चा करत बसायची नसते. गोळा फुटला आणि सांध्यातून निखळलाही आहे. गोळ्याचेच उभे दोन भाग झालेत. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलंय. हात थंड, फिकट पडलाय आणि मनगटाची नाडी लागत नाही. कर्करोग हाडात उतरल्यामुळं हाड मोडलंय. यातलं काही असेल तर सर्जन सांगतील ते लगेच ऐकावं. दांड्याचा आणि गोळ्याचा एकमेकांशी काही संबंधच उरला नसेल, दोन टोकं पूर्ण दूर गेली असतील, तरी ऑपरेशनचा पारडं जड होतं. मोठा उंचवटा एकटाच सुटून वर सरकला असेल आणि पेशंट हिंडता-फिरता, कामाचा असेल, तरीही.

दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं लशीचा डाग असतो तिथं, स्पर्श कळत नसेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं. त्या भागातून डेल्टॉइडची नस जाते. ती दबली असेल तर बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप सुधारते. पण ती इजा पडल्यामुळं झाली की ऑपरेशनमुळं, असा वाद नंतर उभा राहू नये. रिव्हर्स सांधा तर पूर्णपणे त्याच स्नायूवर चालतो.

बाकीच्या वेळी, म्हणजे बहुसंख्य वेळी, घाई नसते. उद्या सकाळी नाही तर कधीच नाही, असं हे ऑपरेशन नव्हे. आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत निर्णय झाला तरी चालतो. तेवढ्यात सीटी स्कॅन करून तुकड्यांची खरी जागा बघता येते, मधुमेह आटोक्यात आणता येतो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा विचार करता येतो. दुसरं मत घेता येतं, आणि त्यात संकोच वाटून घ्यायचं कारण नाही.

सही करण्याआधी सर्जनना चार गोष्टी सरळ विचाराव्यात. ऑपरेशन नाही केलं तर हा हात सहा महिन्यांनी काय करू शकेल? केलं तर काय जास्त करू शकेल? दुसऱ्यांदा ऑपरेशन लागायची शक्यता किती? आणि असे खांदे तुम्ही वर्षाला किती करता? शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, हे खरं. पण चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. खर्चाचंही तेव्हाच बोलावं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आलंय. पण कुठल्या हॉस्पिटलात कोणता सांधा त्यात बसतो, हे भरती होण्याआधी विचारून घ्यावं. बिल हातात पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

झोळीतले दिवस

झोळीत हात ठेवायचा म्हटलं की घरच्यांना वाटतं, उपचारच झाला नाही. खरं तर कष्ट इथंच जास्त आहेत.

सर्वांत आधी बोटांतल्या अंगठ्या आणि हातातल्या बांगड्या काढायच्या. सूज खाली उतरते, दुसऱ्या दिवशी पंजा टम्म होतो. मग अंगठी कापावी लागते. बांगड्यांच्या बाबतीत आजी ऐकत नाहीत. आजोबा समोर बसलेले असताना हिरव्या बांगड्या वाढवायच्या, हे मनाला पटत नाही. अशा वेळी सुनेनं किंवा लेकीनं समजूत घालावी, साबणाच्या पाण्यानं जमेल तेवढ्या अलगद काढाव्यात आणि दुसऱ्या हातात चढवाव्यात. हा उपाय चालतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दंड, छातीची बाजू, कोपरापर्यंतचा भाग काळानिळा पडतो. पाहणाऱ्याला धडकी भरते. हे आत साचलेलं रक्त वजनानं खाली उतरतंय, नवीन काही झालेलं नाही. मात्र यावर चोळायचं नाही. मालीश नको, गरम तेल नको, ओढून ‘बसवणं’ तर मुळीच नको. हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला गुण असेलही; पण ताज्या मोडलेल्या खांद्यावर जोरानं ओढताण केली तर जागेवर असलेले तुकडे हलतात आणि नसेला, रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.

पहिले दहा-बारा दिवस आडवं झोपवत नाही. आरामखुर्चीत किंवा चार उशा पाठीला लावून अर्धवट बसून झोपावं, कोपराखाली लहान उशी ठेवावी. समोरून उघडणारा गाऊन बरा. आधी दुखऱ्या हाताची बाही चढवायची, मग चांगल्या हाताची, काढताना उलट. अंघोळीच्या वेळी कमरेत किंचित पुढं वाकलं की हात आपोआप अंगापासून सुटतो, मग काख धुऊन, कोरडी करून पावडर लावता येते. आपल्याकडच्या दमट हवेत हे रोज केलं नाही, तर आठ दिवसांत तिथं चट्टे उठतात.

आणि व्यायाम. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. खांद्याचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. टेबलाला चांगला हात टेकून पुढं वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा लोंबता सोडून हलकेच झुलवायचा. हा कॉडमन यांच्याच नावानं ओळखला जाणारा व्यायाम. मग दुसऱ्या हातानं आधार देत वर नेणं, भिंतीवर बोटं चालवणं, दाराला दोरी अडकवून ओढणं. दुखतं म्हणून दोन महिने हात छातीशी धरून बसलेल्या पेशंटचा खांदा पुढं आखडतो आणि तो सोडवणं फार जिकिरीचं. ऑपरेशन झालेल्यांनाही यातून सुटका नाही. प्लेट हाड धरून ठेवते. हात वर नेण्याचं काम ती करत नाही.

हाड जुळायला दीड ते तीन महिने लागतात. हाताची सुधारणा मात्र वर्षभर चालू राहते. सहा आठवड्यांनी हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नाही, म्हणून हातपाय गाळलेले अनेक पेशंट सहाव्या महिन्यात स्वतःचा अंबाडा बांधताना दिसतात. काहींचा मात्र पूर्ण वर जातच नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं.

एक गोष्ट फ्रॅक्चरच्या गडबडीत हमखास मागं पडते. आजी पडल्या का? आणि साध्या पडण्यानं हाड का मोडलं? अंथरुणातून उठल्यावर रक्तदाब उतरून चक्कर येते का, झोपेची गोळी चालू आहे का, मोतीबिंदू पिकलाय का, हे पाहायला हवं. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी आणि रक्तातलं ड जीवनसत्त्व ही दोन्ही त्याच महिन्यात करून घ्यावीत. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही. ठिसूळ हाडांसाठी वेगळी औषधं आहेत आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायची. दंड मोडलेल्या बाईचं खुब्याचं हाड मोडण्याचा धोका पुढच्या वर्षभरात कितीतरी वाढलेला असतो. दंडाच्या फ्रॅक्चरमध्ये माणूस हिंडता-फिरता राहतो. खुबा मोडला की अंथरूण धरावं लागतं. तरीही प्लेटवर मोठी रक्कम खर्च करणाऱ्या घरात बाथरूममधली भिंतीवरची दांडी बसवायला मिस्तरी येत नाही, ही आपल्याकडची नेहमीची कथा.

त्या पहाटे पडलेल्या आजींचं पुढं काय व्हावं? समजा, सीटी स्कॅन झाला. तुकडे सरकलेले, पण गोळा बशीवर आहे, दांड्याशी त्याची गाठ सुटलेली नाही. अशा वेळी सर्जननी मुलाला नव्हे, आजींना विचारावं, ‘‘आजी, या हातानं तुम्हाला काय काय करायचंय?’’ आजी म्हणतील, ‘‘पोळ्या लाटायच्यात. देवाची भांडी घासायची. वेणी माझी मला घालता यावी, बास.’’ एवढ्यासाठी झोळी आणि लंबकाचा व्यायाम पुष्कळदा पुरतो. चौथ्या महिन्यात पोळ्या लाटल्या जातात, सहाव्या महिन्यात वेणीही. वरच्या फळीवरचा लोणच्याचा डबा मात्र सुनेला काढून द्यावा लागतो, आणि बाथरूमबाहेरचा छोटा दिवा आता रात्रभर चालू असतो.